पाणबुडीतल्या आत्या

आत्या, तुमच्या दहाव्याला पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. नदीवर जमलेली सगळी मंडळी माना डोलवून म्हणाली, "म्हातारीची काही इच्छा मागं राहिली नव्हती हो." मला त्या तसल्या ठिकाणी हसू फुटलं, पदर तोंडाशी धरून कसंबसं लपवलं. लोकांना वाटलं सून रडतेय. इच्छा नव्हती म्हणे! आपल्या गोष्टीतली, मंगळावर गेलेली ती चार माणसं अजून तिथंच अडकून पडलीत, त्यांचं पुढं काय होतं ते ऐकायच्या आधी तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्यासारखी चौकस बाई इच्छा न ठेवता जाईल हे त्या कावळ्याला पटलं असेल, मला नाही पटलं.

मेलेल्या माणसाला उलटून बोलू नये म्हणतात. पण तुमच्याशी सरळ बोलायची सवय मला होती कधी?

आणखी एक. जो भेटायला येतो तो आधी म्हणतो, "सुटल्या बिचाऱ्या." मग माझ्याकडे बघून हळूच, "तू बी सुटलीस गं बाई." मला ह्या शब्दाची अशी काही चीड बसलीय ना! तुम्ही काय माझ्या पायातली बेडी होतात? होतात, खरं सांगायचं तर होतात. पण ते मी म्हणायचं. शेजारच्या हौसाबाईनं आणि तिच्या जावेनं चहाचा कप हातात धरून म्हणायचं काम नाही.

आणि सुटले म्हणावं तर ऐका. तेराव्याची पंगत उठली, वन्संना घोडेगावच्या गाडीत बसवून तुमचा लेक घरी आला, टेम्पोची किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "आता ते वाचनालय बास कर. घरी कोन हाय आता?" म्हणजे बघा. इतकी वर्षं तुम्ही होतात म्हणून मी घरात थांबायचं. आता तुम्ही नाहीत म्हणून थांबायचं. सोमवारी वाचनालयातले सर वाट बघणार आहेत. जायचं की नाही ह्यावर घरात धुसफूस चाललीय आणि आज शनिवार आहे. कुणाशी बोलू? सवयीनं तुमच्याशीच बोलतेय, वहीत लिहून.

माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. देवानं नेमकी तीच ठेवली, असं मी राहात्याला आईजवळ बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून तुमची बाज खिडकीपाशी आणि माझी चूल समोर. मधे चार पावलांची जागा, त्यात आपण दोघी. तुमचा लेक भल्या पहाटे टेम्पो घेऊन जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. म्हशीला निदान ओढ्यावर तरी नेत होते. मला कुठं न्यायचं कारण कुणाला सापडत नव्हतं.

आपण भांडायचो. चहात साखर कमी, दाराचा वारा लागतोय, दार लावलं की उकडतंय, "माझ्याकडं असं बघू नगंस." कसं बघू नको? चार पावलांवर दुसरं बघायला होतं काय? एकदा रागाच्या भरात मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले, तर तुम्ही आतून ओरडलात, "पळून गेलीस का काय गं?" मी म्हटलं, "कुठं पळू? रस्ता ठाऊक असता तर!" तेव्हा मला वाटलं जिंकले. आता वाटतं, तुम्हीही रस्ताच शोधत असाल.

वाचायला लागले ते तुम्हाला गप्प करायला. बारावीपर्यंत शिकलेली सून, निदान पोथी तरी वाचेल, असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, म्हणून पोथी काढली. तिसऱ्या ओवीला तुम्ही पुढची म्हणून मोकळ्या. "हे पाठ हाय मला. शेवट ठावा असल्याव कशाला ऐकायचं?" मग वाचनालयातून एक कौटुंबिक कादंबरी आणली, सासू-सुनेची. दोन दिवस ऐकून म्हणालात, "सासू वंगाळ दाखवली की तुला बरं वाटतंय व्हय गं?" ते पुस्तकही गेलं परत. तिसऱ्या खेपेला सरांनी कपाटाच्या तळातून एक जुनं भाषांतर काढून दिलं. पुठ्ठा गेलेला, नावाचं पान गेलेलं, कुणी लिहिलं पत्ता नाही. "घेऊन जा, कुणी नेत नाही," म्हणाले. साहेब लोकांची गोष्ट. पाणबुडीत बसून समुद्राच्या तळाला जातात, आणि तिथं खडकाच्या कपारीत पाणबुडी अडकते.

मी पहिलं पान वाचलं आणि तुम्ही हात वर केलात. डावा.

"थांब. पानबुडीत मान्सं बसली?"

"हो."

"किती?"

"असतील वीस-बावीस."

"आगं येडे, पानबुडीत मान्सं कशी बसतील? वीतभर रुंदीची ती!"

आणि मला हसता हसता खोकला लागला. आपल्या मळ्यातल्या बोअरमध्ये सोडलेली पाणबुडी मोटर! तुमच्या डोळ्यांपुढं तीच की. आणि ती खरोखरच अडकलेली. सासरे असताना पाईपसकट खाली निसटली, चेनपुली लावून माणसं घामाघूम झाली, पण वर आली नाही ती नाहीच. मी तुम्हाला समजावलं, ही वेगळी, ही घराएवढी असते, आत बाजा असतात, दिवे असतात. तुम्ही मान हलवलीत, पण तुमच्या मनातून ती बोअर गेली नाही. पुढं कप्तान काही बेत करायला लागला की तुम्ही म्हणायच्या, "त्यास्नी सांग, वरनं वढू नका. वरनं वढली की पाईप तुटतोय. आमी बघितलंय."

तेव्हापासून तुम्हाला दुसरं काही चालेना. सर कपाटाच्या तळातून तसलीच काढून द्यायचे, पृथ्वीच्या पोटात उतरणारे, हवेच्या गोळ्यात बसून उडणारे, तारे मोजत जाणारे. तुम्हाला तारेबिरे नको असायचे. माणसं अडकली की तुमचा कान उभा राहायचा. "आता काय करत्यात बघू." मला विचाराल तर मलाही तेच आवडायला लागलं होतं. भिंतीकडे तोंड करून रडण्यापेक्षा बरं होतं.

मग सरांचे डोळे अधू झाले आणि त्यांनी मला विचारलं, दुपारचं वाचनालयात बसशील का? पुस्तकं द्यायची-घ्यायची, वर्तमानपत्रं लावायची. आत्या, त्या दिवशी मी घरी येताना चालत नव्हते, पळत होते. आणि दारात पाय ठेवला तर तुमचा चेहरा. तुम्हाला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. हौसाबाईच, दुसरं कोण.

"मला एकटीला टाकून जानार?"

"दुपारपुरतं. हौसाबाई डोकावतील."

"हौसी गोष्ट सांगती का मला?"

तिथंच मला सुचलं. तुमच्या लेकाचा टेपरेकॉर्डर पडून होता. बाजारात विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटवर आपला आवाज भरता येत नाही, वरची ती दोन भोकं कागदाच्या बोळ्यानं बुजवली तरच भरतो, हे मला माहेरी भावानं शिकवलं होतं. सकाळी तुमचं अंग पुसून, वेणी घालून झाली की मी चुलीपुढं बसून भरायची. तुमच्या लेकाच्या आवडीच्या गाण्यांवर मी एकेक करून समुद्र ओतला. एके दिवशी त्यानं टेम्पोत हौसेनं कॅसेट लावली आणि गाण्याच्या जागी मी बोलायला लागले, "कप्तानाने दरवाजा घट्ट लावून घेतला." चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

तुम्हीही काही कमी केलं नाहीत. एक बाजू संपली की कॅसेट उलटी करायची, तीही डाव्या हातानं. बोटं थरथरायची, कॅसेट पडायची, तुम्ही तिला शिव्या घालायच्या. जमलं त्या दिवशी मी वाचनालयातून आले तर तुम्ही वरमाईसारख्या तोंड वर करून बसलेल्या. "उलटी केली मी," म्हणालात. त्या कॅसेटमध्ये सगळंच यायचं, कुकरची शिट्टी, म्हशीचं हंबरणं, माझं "थांबा जरा, दूध उतू चाललंय." ते सगळं तुम्हाला गोष्टीतलंच वाटायचं. एकदा मला विचारलंत, "त्या पानबुडीत म्हस बी हाय का गं?"

आणि तुमची ती तक्रार! "समद्या गोष्टीत बापेच. एक बी बाई न्हाई? मग सैपाक कोन करतंय? ह्यास्नी खायला कोन घालतंय?" खरंच होतं की. इतकी वर्षं मी वाचत होते आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, लेखकाला विचारते. "लेखकाला कशाला? मला घाल की त्यात." मग काय, पुढच्या कॅसेटमध्ये मी तुम्हाला घातलं. एक नगर जिल्ह्यातली म्हातारी, पाणबुडीत भाकरी थापते आणि कप्तानाला दम देते, "जेवल्याबिगर कपारीत शिरायचं न्हाई." ती कॅसेट तुम्ही घासून घासून पातळ केलीत. आल्यागेल्याला ऐकवलीत. वन्सं आल्या तेव्हा म्हणालात, "ऐक, आता मी येते." माझ्या आयुष्यात मी लिहिलेली ओळ कुणी इतकी मिरवली असेल तर ती तुम्ही.

मग तो सेलचा दिवस.

लाईट गेली म्हणून टेप सेलवर लावून मी गेले होते. पाणबुडीतली हवा संपत आलीय, कप्तान माणसांना बोलू नका, हळू श्वास घ्या म्हणतोय, नेमका तिथवर भाग आला आणि नेमके तिथंच सेल उतरले. माझा आवाज जड झाला. मग घोगरा. मग रेड्यासारखा लांबत, ओढत गेला आणि बंद पडला. तुम्हाला सेल काय ठाऊक! तुम्ही बाजेवरून बोंब ठोकलीत. कप्तानासाठी नाही. "आगं हौसे, शोभी गुदमरली गं! पोरगी आत गेली आन वर यायला मार्ग न्हाई!" हौसाबाई अनवाणी धावत वाचनालयात आली आणि दारातूनच म्हणाली, "चल बया लवकर, तुझी सासू म्हनती तू मेलीस."

मी आले तेव्हा ओट्यावर गर्दी. तुम्ही अर्ध्या बाजेखाली लोंबत होतात, टेपाकडे जायला निघाला होतात, मला बाहेर काढायला. मला बघितलंत. डाव्या हातानं माझं मनगट धरलंत ते असं, की मला वाटलं मोडतं आता. आणि मग ज्या शिव्या घातल्यात त्या इथं लिहवत नाहीत. मी रडत होते का हसत होते, मलाच सांगता येत नाही. तोवर मला वाटायचं की तुम्ही गोष्ट ऐकता. तुम्ही तर मला ऐकत होतात हो.

संध्याकाळी तुमच्या लेकापर्यंत सगळं पोचलं होतं. "बास झाली नाटकं. उद्यापास्नं घरात बसायचं." मी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, गेलं वाचनालय, आणि तुम्ही तर खूशच होणार. तर तुम्ही तिकडून फटकारलंत.

"घरात बसवून काय करू, लोनचं घालू तिचं? दिसभर तिच्या तोंडाकडं बघून बघून माझं ऱ्हायल्यालं अंग बी जाईल. तिला जाऊ दे. ती गेली न्हाई तर पुस्तकं कुठनं येतील? तू सेल आन. चांगलं आन."

आत्या, मी तेव्हा फणकारले होते, माझं तोंड काय इतकं वाईट आहे? ते तसंच राहिलं. पुढं कधी तरी विचारीन म्हटलं, खरंच पुस्तकांसाठी म्हणालात की माझ्यासाठी? विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "सेलांसाठी." तुमच्याकडून सरळ उत्तर घ्यायला दुसरा जन्म लागेल. पण तुमच्या लेकाला वाकवणं मला आजवर जमलेलं नाही. ते तुम्ही बाजेवर पडल्या पडल्या केलंत. मी घरातून बाहेर पडत होते ती तुमच्या जिवावर, आणि मला वाटत होतं की तुम्ही मला धरून ठेवलंय.

आपलं एक भांडण मात्र मिटलंच नाही. पाणबुडी शेवटी कपारीतून सुटते, वर येते, सगळे टोप्या उडवतात, गोष्ट संपली. मी टेप बंद केला तर तुम्ही म्हणालात, "पुढं?"

"पुढं काही नाही. सुटले की."

"सुटल्याव काय करत्यात?"

"घरी गेले असतील."

"आन घरी जाऊन? मान्साला अडकायची सवय झाल्याव घरात करमतंय व्हय? सुटल्यावरच खरी गोष्ट हाय. ह्या लेकाच्यांना पुढचं म्हाईतच न्हाई."

मी म्हटलं, पुस्तक संपलं म्हणजे संपलं. तुम्ही म्हणालात, लिहिणारा आळशी आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी हेच. मंगळाचं पुस्तक आणलं तेव्हा तुम्ही आधी हबकलात. "मंगळ! माझ्या वन्सीला मंगळ हुता तर लगीन जमंना, आन हे मुद्दाम तिथं चालले?" आणि मग लगेच अट घातलीत, "ह्याच्यात सुटल्यावरचं आसंल तरच लाव." मी न वाचताच म्हटलं, आहे. कॅसेटची पहिली बाजू झाली आणि तुम्हाला ताप भरला. दुसऱ्या बाजूला तुम्ही डोळे मिटून होतात. मला वाटलं ऐकताय.

आत्या, मला तुमचा लई राग यायचा. ते खोटं नाही आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते पुसून टाकणार नाही. पण ह्या घरात माझ्या बोलण्याची वाट बघणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. तुमचा लेक वाईट नाही, पण त्याला माझा आवाज कॅसेटमधून आला तर राग येतो. तुम्हाला तो बंद पडला तर जीव जायची भीती वाटायची. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. आपल्याकडं कुठली सून सासूला असलं बोलते? बाज उचलून माळ्यावर टाकलीय. खिडकीपाशी आता नुसती जागा आहे, आणि मला ह्या घरात पहिल्यापेक्षा जास्त कोंडल्यासारखं होतंय. हे मी कुणाला सांगू? जो तो म्हणतोय, सुटलीस.

हे लिहायला घेतलं तेव्हा शनिवार होता. त्याला आता दोन दिवस झाले. काल रविवारी तुमच्या लेकानं जेवताना परत तेच काढलं. "बाईमानूस घरात नसलं की घर उघडं पडतंय. लोक काय म्हनतील? दुपारी घरी कोन?" तुमच्यासारखं फटकन बोलता येत नाही मला. मी जेवून उठले, चप्पल घातली आणि बाजारपेठेत गेले. भांड्यांच्या दुकानाशेजारी ते लोखंडी सामानाचं दुकान आहे ना, तिथं गेले आणि म्हटलं, एक चांगलं कुलूप द्या. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "नवीन घर बांधलं का वहिनी?" मी म्हटलं, नाही, जुनंच आहे.

आपल्या घराला कुलूप नव्हतंच की हो. इतक्या वर्षांत कधी लागलंच नाही. कुणी ना कुणी असायचंच घरात.

येऊन तुमच्या लेकापुढं ते ठेवलं. त्यांना म्हटलं, "दोन किल्ल्या आहेत, एक तुमची." त्यानं कुलूप हातात घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं. आणि मग आत्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा पडला. "आई हुती तवर..." एवढंच म्हणाला, आणि किल्ली खिशात टाकली.

आज सोमवार. दुपारी निघाले. कोयंडा गंजलेला, कुलूप काही केल्या आत जाईना. गोडं तेल आणून घातलं, तेव्हा बसलं. मग आठवलं, काहीतरी राहिलं. परत काढलं. दार ढकलून आत तोंड केलं, म्हणाले, "आत्या, येते हं." मग दार ओढून कुलूप लावलं आणि गेले.